शुक्राच्या नावाची घागर

विघ्ने आणणे आणि विघ्ने हरणे ही दोन्ही खाती ज्याच्याकडे एकत्र आहेत, आणि म्हणूनच ज्याच्याशी कोणी वाकडे घेत नाही, त्या गजाननाला प्रथम वंदन. वाग्देवी शारदेला दुसरे, कारण लेखणी हाती धरली की ती कुठे वळेल याचा भरवसा तिच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. तिसरे वंदन शुक्राचार्यांना. पुढील मजकुरात त्यांच्या राहत्या जागेविषयी काही बोलावे लागणार आहे, आणि ते सगळेच गौरवाचे नाही. पुराणे सांगतात की आचार्य एकाच डोळ्याने पाहतात. तेवढा वेळ त्यांनी तोही मिटून घ्यावा, ही प्रार्थना.

आजचे निमित्त आखाजीचे. पंचांगात हिला अक्षय्य तृतीया म्हणतात. खानदेशात मात्र तसे म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो. लेकी माहेरी आल्या आहेत, दारच्या लिंबाला झोका बांधला आहे, आणि झोक्याची पाळी न मिळालेल्या मुलांनी सकाळपासून मला धरले आहे की शुक्राची ती गोष्ट सांगा. ती गोष्ट मी सांगतो तशी दरवर्षी थोडी वाढते, असे आमच्या सौभाग्यवतींचे निरीक्षण आहे. म्हणून यंदा ती घडली तेवढीच लिहून ठेवावी असे ठरवले. एकदा लिहिली की मलाही तिच्यात राहावे लागेल.

त्या वर्षी आखाजी शुक्राच्या अस्तात आली होती. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: शुक्र आकाशात सूर्याच्या फार जवळ जाऊ लागला की त्याच्या तेजात दिसेनासा होतो. त्याला अस्त म्हणतात, आणि तो कधीकधी दोन दोन महिने चालतो. शुक्र विवाहाचा कारक, म्हणून तो दिसत नसताना विवाह करू नयेत असा संकेत आहे. पंचांगकर्ते मात्र व्यवहारी असतात. अडलेल्यांसाठी ते अस्तातलेही काही दिवस काढून देतात. त्यांना गौण काळातले मुहूर्त म्हणतात. मी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो आणि जळगावच्या आमच्या गल्लीत ज्यांना हवे त्यांना मुहूर्त सांगतो, त्यामुळे हे गौण दिवस माझ्या तोंडी असतात.

समोरच्या घरची मुलगी त्या वर्षी अडलेली होती. धुळ्याच्या एका दवाखान्यात ती परिचारिका. नवरामुलगा पारोळ्याकडचा, सैन्यात. त्याची सुट्टी आखाजीनंतरच्या आठवड्यात संपत होती आणि अस्त त्याच्या कितीतरी पुढे जात होता. ड्यूटी संपवून ती एसटीने आली, पायरीवरच बसली आणि म्हणाली,

"नाना, त्यांची पुढची सुट्टी कधी, ते त्यांच्या साहेबांनाही माहीत नाही. बर्फात कुठेतरी पाठवणार आहेत. लग्न आत्ताच व्हायला हवं."

"गौण मुहूर्त आहे ना. आखाजीनंतर चौथ्या दिवशी सकाळचा. मी तुझ्या वडिलांना सांगितला आहे."

"वडील तयार आहेत. तिकडचेही तयार आहेत. अक्का तयार नाही. आणि अक्का मांडवात उभी राहिली नाही तर मी बोहल्यावर चढणार नाही. ते मी त्यांनाही सांगून टाकलंय." थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "माझं शुक्राशी काही देणंघेणं नाही. पण तुमची त्याची ओळख आहे. बघा काही होतंय का."

अक्का म्हणजे तिची थोरली आत्या. मुलगी लहान असताना आई गेली, तेव्हा अक्कांनी तिला अमळनेरला आपल्या घरी नेले आणि शिकवून मोठी केली. सत्तरी उलटलेल्या या बाई आजही दर आखाजीला माहेरी येतात, पहिला झोका आपला म्हणतात, आणि दोर तपासल्याशिवाय त्यावर बसत नाहीत. गल्लीत मला अरे म्हणू शकेल अशी ही एकच व्यक्ती उरली आहे. ती मला नाना म्हणते, तो तिचा मोठेपणा.

मी गौण मुहूर्ताची गोष्ट काढली तेव्हा त्या कैऱ्या चिरत होत्या. विळीवरून मान वर न करता आपल्या अहिराणीत म्हणाल्या,

"गौन म्हंजे दुय्यमच ना?"

"दुय्यम म्हणण्यापेक्षा, अडचणीच्या काळी चालणारा."

"मन्ही पोर काय दुय्यम शे का? मन्हं लगन बी अस्तमाच लागनं व्हतं, नाना. तवयपाईन बठ्ठा इस्कोट शे."

अक्कांचे लग्न अस्तात लागले तेव्हापासूनच्या त्या साऱ्या विस्कोटाची यादी गल्लीला पाठ होती. लग्नानंतर दोनच वर्षांत सासरची विहीर आटली. वावटळीत घरावरचे पत्रे उडून तिसऱ्या शेतात गेले. यजमान घोरू लागले. थोरल्या सुनेने वेगळी चूल मांडली. मी एकदा नम्रपणे सुचवले होते की त्या साली विहिरी साऱ्या तालुक्यातल्या आटल्या होत्या. त्यावर अक्का म्हणाल्या होत्या, "मंग बठ्ठा तालुकाले शुक्र एकच शे ना?" शास्त्रार्थात मी अनेकांशी बसलो आहे. या प्रश्नाला मला आजही उत्तर सापडलेले नाही.

हे सारे आमची नात ऐकत होती. ती धुळ्याची, माझ्या लेकीची मुलगी, तेव्हा पाचवीत होती. समोरच्या ताईचे लग्न अडले याचे तिला फार वाईट वाटले होते, कारण त्या लग्नासाठी तिने घागरा शिवून आणला होता.

"नाना, हा शुक्र कुठे असतो? मला त्याला बघायचंय."

"सध्या दिसत नाही. सूर्याच्या पलीकडे गेला आहे."

"म्हणजे लग्न अडवलं त्यानं, आणि स्वतः जागेवर नाही?"

कचेरीत खेटे घालून आलेला माणूस ज्या स्वरात बोलतो तो स्वर होता. मी तिला शाळेतले माझे जुने सहकारी, विज्ञानाचे शिक्षक, यांच्या हवाली करायचे ठरवले. ते पलीकडच्या मोहल्ल्यात राहतात. आम्ही दोघे एकाच वर्षी निवृत्त झालो. रोज संध्याकाळी चहाला ते आमच्याकडे येतात, आणि रमजानमध्ये सूर्य मावळायची वाट आम्ही दोघे मिळून पाहतो. त्या दिवशी ते आले तेव्हा झोक्याखाली गल्लीतली सगळी मुले जमलेली होती. अक्का झोक्यावर होत्या, पण झोका थांबवून.

सर खुर्चीत बसले, कपाळाचा घाम पुसला आणि मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमच्या शुक्राची तब्येत काही ठीक नाही बरं का. यांना सगळं सांगू, की तुमची इज्जत राखून सांगू?"

"सगळं सांगा. त्याची इज्जत राखायला तो समर्थ आहे."

"तर मुलांनो, आकाराने शुक्र जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढाच. शेजारीही आपलाच. लांबून बघाल तर पांढराशुभ्र, चमकदार. तुमच्या नानांच्या स्तोत्रात त्याला बर्फासारखा म्हटलंय, ते लांबून बघूनच. जवळ गेलात तर कळतं की ते सगळे ढग आहेत. आणि ढग पाण्याचे नाहीत. तुमच्या घरी इन्व्हर्टर आहे? त्याच्या बॅटरीत जे ॲसिड असतं ना, त्याचे ढग."

"मग पाऊस पडला की?" एकाने विचारले.

"पडतो, पण जमिनीपर्यंत पोचत नाही. वाटेतच वाफ होऊन जाते. खाली इतकं गरम आहे."

"जळगावपेक्षा?"

या प्रश्नात अभिमान होता. पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या मुलांना कोणी दुसरे गाव गरम म्हटले की ते सहन होत नाही.

"बेटा, आपला पारा पंचेचाळीसला जातो. त्याच पट्टीवर तिथला साडेचारशेच्याही वर. शिसं तिथं पातळ होऊन वाहील."

मग एक जण म्हणाला, "रात्री गच्चीवर झोपलं तर?"

"रात्रीही तेवढंच. तिथली हवा म्हणजे जाड गोधडी आहे. ऊन आत येतं, ऊब बाहेर जात नाही. दिवस असो, रात्र असो, पारा हलत नाही."

"मग थंड हवेला तोरणमाळला जायचं."

"डोंगर आहेत तिथं. फार उंचावर चढलात तर थोडा फरक पडतो. म्हणजे शिसं तिथंही वितळेल, पण जरा सावकाश."

"भरताला पऱ्हाट्या जाळाव्या लागणार नाहीत," आमची नात म्हणाली. "वांगं नुसतं दाराबाहेर ठेवायचं."

"वांग्याचं भरीत नाही होणार, कोळसा होईल. शिवाय ते दाराबाहेर ठेवायला तू जाणार कशी? तिथली हवा इतकी जड आहे की आपल्या नव्वद पृथ्वींची हवा एकावर एक रचली तर जेवढा दाब पडेल तेवढा. कुकरची शिट्टी होते तेव्हा आत आपल्या दुप्पट दाब असतो, बस. त्यावर एवढा आवाज. माणसांनी यंत्रं उतरवली तिथं, पोलादाची, चांगली ठणठणीत. तास दोन तास टिकली आणि गेली."

मी मध्ये पडलो. "आणि दिवसाचे सांगा सर, दिवसाचे."

"हां. ते तर तुमचंच काम खराब करणारं आहे. शुक्र स्वतःभोवती इतका सावकाश फिरतो की त्याची एक गिरकी पुरी व्हायच्या आधी सूर्याभोवतीची फेरी पुरी होऊन जाते. गिरकी मोठी, वर्ष छोटं. आणि फिरतो उलटा. तिथं सूर्य पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. एकदा उगवला की पुन्हा उगवायला आपले चार महिने जवळजवळ."

मुलांनी हा हिशेब लगेच उपयोगात आणला. शाळेची घंटा सकाळी झाली तर ती सुटेपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी येऊन जाईल, असे एकाने मांडले. दुसरा म्हणाला, संध्याकाळचा गृहपाठ द्यायला गुरुजी विसरतील. मी मनाशी तिथले पंचांग रचू पाहिले. चंद्र नाही, म्हणजे तिथी नाही. तिथी नाही म्हणजे चतुर्थी नाही, एकादशी नाही, आखाजीही नाही. नक्षत्रे आहेत, पण ढगांमुळे कधीच दिसत नाहीत. पूर्वेकडे तोंड करून संध्या करावी तर पूर्वेला सूर्य मावळतो. माझ्यासारख्याला त्या ग्रहावर काही कामच नाही. आणि साडेचारशे अंशांत काम नसणे ही तशी मोठी सोय आहे. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या होत्या. तिथे माणसाचे वजन थोडे कमी भरते असे सरांनी सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदाच या विषयात रस दाखवला. "किती कमी?" "दहा किलोला एक किलो, वहिनी." "आणि पारा साडेचारशे?" "हो." "मग राहू द्या," म्हणून त्या आत गेल्या.

झोक्यावरून अक्कांचा आवाज आला. "मास्तर, पानी कितलं शे तठे?"

"पाणी नाही, अक्का."

"नदी, नाला?"

"काही नाही. कधीकाळी असेल म्हणतात काही लोक. आता टिपूस नाही. हवेत वाफेचा अंश असेल नसेल तेवढाच."

अक्कांनी पायाने झोका थोडा हलवला आणि पुन्हा थांबवला.

तेवढ्यात आमच्या नातीला संधी दिसली. ती उठून अक्कांसमोर उभी राहिली. "अक्काआजी, त्याच्यावर सगळीकडे ढग आहेत ना? म्हणजे तिथून बाहेरचं काहीच दिसत नाही. पृथ्वीसुद्धा दिसत नाही. मग ताईचं लग्न झालं की नाही, त्याला कळणार कसं?"

सर माझ्याकडे पाहून हसले. युक्तिवाद बिनतोड होता. मुलीने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन्ही प्रमाणे नीट वापरली होती. पलीकडच्या ओट्यावर लग्नाची मुलगी काम थांबवून ऐकत उभी होती.

अक्कांनी नातीच्या गालावरून हात फिरवला. "देव काय डोयाघाई देखस का वं?"

झाले. साऱ्या वेदान्ताचा निष्कर्ष एका वाक्यात सांगून त्या झोक्यावरून उतरल्या आणि घरात गेल्या. देव डोळ्यांनी पाहत नाही, हे मीच अनेक कीर्तनांतून गल्लीला सांगितले होते. पलीकडच्या ओट्यावरची मुलगीही आत गेली. सर चहा संपवीत म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही बाई तुमच्या बाजूची आहे, आणि तुम्हालाच आवरत नाही."

दुसऱ्या दिवशी आखाजीची सकाळ उजाडली. या दिवशी खानदेशात घरोघरी, वारलेल्या माणसांसाठी घागर भरतात. वैशाखाच्या उन्हात त्यांना तहान लागत असेल, या कल्पनेने मातीच्या घागरीत पाणी भरायचे, वर लहान भांडे, त्यावर डांगर, म्हणजे आपले खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. मग उंबरठ्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवायचे. एक बोट आजोबांचे, एक पणजीचे, एक अकाली गेलेल्या काकाचे. ज्याचे बोट उमटले त्याला बोलावणे गेले. विधी अगदी साधा आहे, आणि माझ्या पाहण्यात तो करताना कोणाचा आवाज कधी चढलेला नाही.

त्या दिवशी चढला. आमच्या घरची घागर भरून मी देवासमोर बसतो आहे तोच समोरच्या घरातून अक्कांची हाक आली. "नानाले बलावा. आतेच बलावा."

मी सोवळ्यातच निघालो. डांबराचा रस्ता तोवर तापला होता. अनवाणी माणसाला तो भारदस्त चालीने ओलांडता येत नाही. मी उड्या मारीत पलीकडे पोहोचलो. समोर घरातली सगळी माणसे उभी होती, आणि गल्लीतली मुले रांगेत, आमच्या नातीच्या मागे. उंबरठ्याशी त्यांच्या पितरांची घागर नीट मांडलेली होती. तिच्या शेजारी दुसरी एक लहान घागर होती, जरा कललेली, तोंडावर आंब्याचे एक पान. आणि उंबरठ्यावर, घरच्या पूर्वजांच्या ओळीच्या शेवटी, कुंकवाचे एक जास्तीचे बोट.

"हाई देखा, नाना," अक्का म्हणाल्या. "तुम्हना शुक्र मरना का? तुम्हनी नातनी त्यानी घागर भरी. बोट बी उठाडं."

मी नातीकडे पाहिले.

"तो मेला नाही, मला माहीत आहे," ती म्हणाली. रडू आवरून बोलत होती. "पण तिथं पाणी नाही ना. सर म्हणाले टिपूस नाही. काल अक्काआजींनीच सांगितलं की ज्यांना तिकडे पाणी मिळत नाही त्यांच्यासाठी घागर भरतात. म्हणून आम्ही भरली. बर्फ पण टाकलाय."

"बरफ?" अक्कांनी विचारले.

"तिथं फार गरम आहे."

घागरीत डोकावलो. फ्रिजमधल्या बर्फाचे तुकडे खरेच तरंगत होते.

मुलीचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाना, आता संपलंच. आधीच अक्का ऐकत नव्हती, आता जिवंत ग्रहाला पितरांत बसवलं म्हटल्यावर चौथ्या दिवसाचं नावही काढू देणार नाही." लग्नाची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने कोणाला दोष दिला नाही. फक्त तिच्या हातातले आरतीचे ताट तिने आत नेऊन ठेवले, आणि मला ते बघवले नाही.

निर्णय मलाच द्यायचा होता. मी तो खरा देणार होतो. मुलांना वाचवण्यासाठी शास्त्र वाकवणे मला जमले नसते, आणि अक्कांनी ते चालूही दिले नसते. उभ्या उभ्या मनात सगळे आठवले. वैशाखात पाण्याने भरलेल्या कुंभाचे दान सांगितले आहे ते पितरांसाठी आहे हे खरे. पण तेवढ्यासाठीच नाही. देवांच्या संतोषासाठीही ते सांगितले आहे. त्यात ग्रहांना वगळा असे कुठे म्हटलेले नाही. उंबरठ्यावरचे बोट मात्र फक्त गेलेल्यांचे.

"अक्का," मी म्हणालो, "घागर चुकली नाही. पाण्याचा कुंभ देवालाही देतात, पितरांनाही देतात. बोट तेवढे चुकले. बोट पुसा, घागर राहू द्या."

"पक्कं?"

"पक्कं. मी असं कधी केलेलं नाही, कोणाला करताना पाहिलेलंही नाही. पण ते करू नये असं सांगणारं वचन मला ठाऊक नाही."

अक्का खाली बसल्या. पदराचे टोक ओले करून त्यांनी ते बोट पुसले. मग बराच वेळ त्या लहान घागरीकडे बघत राहिल्या. बर्फ वितळत होता, आणि घागरीच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे थेंब फुटत होते.

"मास्तर काल बोलना ते खरं ना?" त्यांनी मला विचारले. "टिपूस बी नही?"

"खरं आहे. त्यांच्या बोलण्यात मी कधी खोट पाहिली नाही."

"इतला वरीस मी त्याले शिव्याच दिन्यात, नाना. हिर आटनी तर त्याले शिव्या, पत्रा उडना तर त्याले शिव्या. तो तठे भट्टीमा बसेल शे, आन् पानी पिनं का, असं त्याले कोनी इचारं नही." त्या नातीकडे वळल्या. "लोके बी त्याले लगन आडावाले बलावतस. जेवाले कोनी बलावस नही."

मग त्या उठल्या आणि आत गेल्या. आम्ही सगळे उन्हात तसेच उभे. माझे पाय भाजत होते, पण हलायची कोणाची छाती नव्हती. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक लहान डांगर होते, दोन सांजोऱ्या होत्या आणि मोगऱ्याची ओंजळ होती. शुक्राला पांढरे प्रिय, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. शत्रूच्या आवडीनिवडी त्यांनी जन्मभर लक्षात ठेवल्या होत्या. त्यांनी कललेली घागर सरळ केली, खाली मातीचे कडे ठेवले, डांगर वर मांडले, मोगरा वाहिला आणि हात जोडले. आम्हीही जोडले.

हात खाली आणून त्या भावाला म्हणाल्या, "मन्हा दारमा पानी पिना तो. आते तो मन्हा पाव्हना शे. पाव्हना कधी लगनमा आडवा येस का?"

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही.

"नाना, चौथा दिन सकायना मुहूर्त शे ना? धरा तो."

"धरला."

"पन पत्रिकावर गौन लिखानं नही."

"पत्रिकेवर कोणीच तसं लिहीत नाही, अक्का."

"तोंडघाई बी बोलानं नही. तुम्हले आते सांगी ठेवस."

मी मान्य केले. दारातली मुलगी चौकटीवरून निघून अक्कांपाशी आली आणि त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून उभी राहिली. अक्का तिला म्हणाल्या, "सरक वं, गरम व्हस," पण बाजूला केले नाही.

संध्याकाळी सर चहाला आले. मुलांनी त्यांना सगळे सांगितले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे मी तासभर ॲसिड, दाब, उलटी गिरकी सगळं शिकवलं, आणि त्यातून यांच्या लक्षात राहिलं काय? की तिथं पाणी नाही."

"तेवढंच राहिलं."

त्यांनी विचार केला. "उत्तर बरोबर आहे. मार्क द्यावे लागतील." मग नातीला जवळ बोलावून त्यांनी विचारले की एवढे पाणी इथून तिथे पोहोचले असते तर काय झाले असते. ती म्हणाली, "वाटेत वाफ झाली असती." "मग?" "मग काय. वाफ तर वाफ. पाठवलं ना आम्ही."

चौथ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, समोरच्या दारी मांडव भरला. मंगलाष्टके मी म्हटली. आमच्या नातीने घागरा घातला होता आणि अक्षता वाटायचे काम आपल्याकडे घेतले होते. ती प्रत्येकाला मोजक्याच देत होती, सरांना मात्र दोनदा दिल्या. नवरामुलगा बोहल्यावर परेडला उभा असावा तसा ताठ उभा होता. मुलीच्या मागे, तिच्या कोपराला हात लावून, अक्का उभ्या होत्या. शेवटचे सावधान झाले, अक्षता पडल्या, आणि माणसे जेवायला उठली तरी त्यांनी तो हात काढला नव्हता. मुलीनेच वळून म्हटले, "अक्का, झालं लग्न. आता सोड." तेव्हा त्यांनी हात सोडला आणि पहिल्यांदा डोळ्यांना पदर लावला.

हे वाचणाऱ्या सज्जनाला आणि त्याच्या घरातील थोरामोठ्यांना, लेकीसुनांना परमेश्वर आयुष्य आणि आरोग्य देवो. ज्या घरात लग्न जुळायचे आहे तिथे ते वेळेवर जुळो, आणि जो कोणी दूर सीमेवर असेल तो धडधाकट घरी परतो. घरातल्या मुलांना आकाशाविषयी प्रश्न पडोत, आणि त्यांची उत्तरे देणारा कोणी शेजारी त्यांना लाभो. ग्रह आपल्या जागी सुखी राहोत, आपण आपल्या जागी राहू. शुभं भवतु.